डबल उपवासवाले वानखेडेकाका

दुपारचे दोन वाजले की वानखेडेकाका तोंडाशी नेलेला घास ताटात परत ठेवतात. "भोंगा झाला!" म्हणतात आणि हात धुवायला उठतात. एका लग्नात त्यांच्या पानात नुकतीच जिलबी पडली होती, वाढणारा समोरच उभा होता. काकांनी त्याला मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि उठले.

काका आमच्या वारज्याच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. मूळचे अमरावतीकडचे, जन्म गेला खडकीच्या कारखान्यात. रिटायर झाल्यावर त्यांनी एका हॉस्पिटलात म्हातारपण लांबवण्याच्या प्रयोगात नाव घातलं. रोज एक गोळी, ती खरी की नुसत्या पिठाची हे त्यांनाही सांगत नाहीत. शिवाय दोननंतर दुसऱ्या सकाळपर्यंत फक्त पाणी. "शरीर म्हणजे मशीन वं पोरी. ओव्हरटाइम दिला का लवकर भंगारात."

मला त्यांचा भयंकर हेवा वाटतो. ते चौसष्ट वर्षांचे, मी सव्वीस. ते शेजाऱ्यांचा सिलिंडर खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर जातात. मी लॅपटॉपची बॅग घेऊन दुसऱ्यावर थांबते आणि फोन आल्यासारखं करते. हिंजवडीच्या कॅबमधून उतरून घरात येते, तर आई म्हणते, "काकांकडे बघ जरा." मागे मला बघायला पाहुणे आले होते. काका डबा परत द्यायला म्हणून डोकावले. मुलाच्या वडिलांनी त्यांचं वय विचारलं आणि पुढचा तासभर माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. निघताना मुलाची आई मला म्हणाली, "त्यांचा नंबर देशील का गं?" तेवढंच एक वाक्य ती माझ्याशी बोलली.

तरीही दर रविवारी संध्याकाळी मी खाली जाते. प्रयोगाची डायरी इंग्रजीत भरायची असते आणि "तू कॉन्व्हेंटची ना?" या एका वाक्यावर ते काम माझ्याकडे आलं. काका सांगतात, मी लिहिते. फार बोलावं लागत नाही, म्हणून मला जमतं.

नियम एकच. तीनदा वेळ चुकवली की नाव कटतं.

पहिल्यांदा चुकली एकादशीला. संध्याकाळी काकांनी दोन बश्या साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वर दाण्याची आमटी. "उपवासात उपवासाचं खाल्लं, म्हणजे डबल उपवास झाला ना बाप्पा!" हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरांना हे गणित पटलं नाही. दुसऱ्यांदा महाशिवरात्रीच्या रताळ्यांनी घात केला. त्यानंतर मात्र काका घाबरले. शंभरी गाठायचीच होती त्यांना. वाटेत वडापावचा वास आला तरी रस्ता ओलांडायचे.

आणि गेल्या रविवारी म्हणाले, "लिही. गुरुवार. रात्री आठ. दोन भाकरी, वांग्याची भाजी."

माझं पेन थांबलं. "काका, हे तिसरं आहे."

"ठाऊक हाय."

"नाही लिहिलं तर त्यांना कसं कळणार?" मी हळूच म्हटलं. एवढं धाडस मी ऑफिसातही करत नाही.

"मशीन बिघडलं तर चालते. लॉगबुकात खोटं नाही लिहायचं."

कारणाचा रकाना रिकामा होता. काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. गुरुवारी ते फिरून लवकर परतले होते. कुंदाकाकू ओट्याशी उभ्या होत्या आणि डब्यातला चिवडा खात होत्या. पोरगा अमेरिकेत, नवरा प्रयोगात. एकटीसाठी काय रांधायचं, म्हणून उपवासाचे दिवस सोडले तर काकूंनी चार महिने रात्रीची चूलच पेटवली नव्हती.

"शंभरी गाठून काय करू वं?" काका म्हणाले. "तिले असं उभ्यानं खाताना पाहत बसू?"

कारणाच्या रकान्यात मी इंग्रजीत लिहिलं, 'बायको एकटी जेवत होती.' इतके दिवस मी काकांच्या काळ्या केसांवर जळत होते. चुकीच्या माणसावर जळत होते, हेवा काकूंचा करायला हवा होता.

काकू दोन ताटं घेऊन बाहेर आल्या. काकांनी सही करून डायरी बाजूला सारली आणि जागा केली.

"तूही बस ना वं," काकू म्हणाल्या. "तिसरं ताट आणते."

"नको काकू, आई जेवायला थांबलीये," म्हणत मी चपला घातल्या.

आई चार दिवसांपासून मामाकडे होती.