एकेचाळीस पायऱ्यांचा समुद्र

आमच्या तुमसरात वासुभाऊ दर मे महिन्यात इटलीची सहल रद्द करत.

ते तांदळाच्या मिलमध्ये काट्यावर पोती तोलायचे. शेठच्या भाच्यानं दिलेलं एका विमान कंपनीचं कॅलेंडर त्यांच्या बैठकीत होतं. साल केव्हाच उलटलं होतं, पान मात्र तेच, इटलीचं: डोंगरकड्याला चिकटलेली पिवळी-गुलाबी घरं, खाली निळा समुद्र, पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या. मुंबईचा समुद्रही न पाहिलेल्या या माणसाला त्या समुद्राची भारी काळजी.

"मास्तर, भरती आली तं ह्या छत्र्या कोण उचलते?"

मी शेजारी, त्यात शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून उत्तर देणं भाग. "माणसं ठेवली असतील हो!"

"आनं पायऱ्या? टाचणीनं मोजल्या मी. एकेचाळीस! शेवंताले तं चार पायऱ्यांत दम लागते. नाई जमत. औंदा राहू द्या."

त्या जूनमध्ये शेवंतावहिनी दम्यानं नागपूरच्या दवाखान्यात होत्या. त्या यायच्या आत वासुभाऊंनी घराला चुना मारायला घेतला. सामान सगळं ओट्यावर.

इथे माझी अक्कल चालली. शाळा उघडायच्या होत्या, मुलीच्या पुस्तकांना कव्हरं घालायची होती. त्यांच्या ओट्यावर रद्दीत एक जाड, गुळगुळीत कागद पालथा पडलेला. उचलला. चित्र आत, पांढरी बाजू वर, ही आपली रीत. त्यामुळे मी आतली बाजू पाहिलीच नाही. कडा कातरल्या, भाताच्या खळीनं पक्कं चिकटवलं आणि वर वळणदार अक्षरात लिहिलं: भूगोल.

संध्याकाळी वासुभाऊ दारात. चेहऱ्यावर चुन्याचे शिंतोडे.

"मास्तर, माहा समुद्र कोठी गेला? शेवंता उद्या येऊन राह्यली. सकाळी उठली का पयले तेच पाह्यते. रिकामी भिंत पाहून घाबरन ना!"

माझी नजर मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकाकडे गेली. "वाऱ्यानं गेला असेल," मी म्हणालो. मास्तर असून.

ते गेल्यावर पुस्तकाचं कव्हर जरा उचकटून पाहिलं. आत निळं निळं. ओल्या फडक्यानं सोडवायला बसलो. समुद्र सुटला, छत्र्या सुटल्या. पायऱ्यांचा मधला पट्टा मात्र खळीनं पुस्तकालाच धरून राहिला. उरलेले दोन तुकडे मी जोडले. सकाळी घेऊन गेलो आणि खाली मान घालून सगळं सांगितलं.

वासुभाऊंनी चित्र जमिनीवर पसरलं. टाचणी काढली. ओठ हलवत मोजू लागले.

"सत्तावीस," ते म्हणाले. पुन्हा मोजल्या. "सत्तावीसच. मास्तर, चौदा कमी झाल्या! आता हळूहळू जमन तिले."

दुपारी त्यांच्या दारात सायकल-रिक्षा थांबली. ओट्याला दोनच पायऱ्या. वहिनींचा श्वास मला माझ्या खिडकीत ऐकू येत होता. वासुभाऊंनी त्यांचे दोन्ही हात धरले होते.

"घाई नोको करू. हं, सव्वीस..."

त्या थांबल्या. तेही थांबले. बराच वेळ.

"सत्तावीस. आलो, शेवंता."