पनवेलमधील जड धातूंचा वारसा

नवीन पनवेलमधील आमच्या वाचनालयाच्या फलकावर, १९९३ सालच्या डिसेंबरात, पुढील मजकूर होता : ‘पनवेलमधील जड धातूंचा वारसा. आद्य कार्यकर्ते श्री. राफेल चेऊलकर यांचे अनुभवकथन, प्रात्यक्षिकासह.’ श्री. चेऊलकर बँकेत रोखपाल होते.

मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक. पनवेलच्या खाडीतील गाळात शिसे आणि कॅडमियम किती आहे, यावरचा माझा निबंध १९८६ साली प्रसिद्ध झाला. या गावात जड धातूंवर माझ्याआधी कोणी काम केलेले नाही, हे मी कोणत्याही व्यासपीठावर सिद्ध करू शकत होतो. अडचण एवढीच, की व्यासपीठावर मला कोणी बोलावले नव्हते.

‘‘त्या चेऊलकरांचा याच्याशी काय संबंध?’’ मी जेवताना बायकोला, नीताला, विचारले.

‘‘अहो, पनवेलमध्ये पहिले तेच. एकोणऐंशी सालापासून.’’

म्हणजे माझ्याआधी सात वर्षे. मी घास खाली ठेवला.

‘‘कुठे करायचे?’’

‘‘नेऱ्याला, कोंबड्यांच्या शेडमध्ये. ते स्वतः लीडवर होते आणि त्यांचा भाऊ अवी बेसवर.’’

‘‘शिशाला लेड म्हणतात, लीड नव्हे.’’

‘‘ते तर लीडच म्हणतात. कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या, मग मालकानं हाकललं बिचाऱ्यांना.’’

कॅडमियम पोटात गेल्यास कोंबड्यांचे अंडी देणे घटते. रोखपालाने हे निरीक्षण कोंबड्यांच्या शेडमध्ये बसून केले होते, आणि माझ्या निबंधात कोंबडी नव्हती.

‘‘त्यांची बोटं पाहिलीत कधी?’’ नीता म्हणाली. ‘‘अजून घट्टे आहेत. याला म्हणतात ध्यास.’’

मी माझी बोटे पाहिली. ती खडूने पांढरी झाली होती, बाकी नाव घेण्यासारखे त्यांत काही नव्हते. लग्नाच्या अकरा वर्षांत नीताने माझ्या कोणत्याही अवयवाबद्दल ‘ध्यास’ हा शब्द वापरल्याचे मला आठवत नाही. ‘आद्य’ हे विशेषण त्या फलकावरून उतरवल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी मी निबंधाची प्रत आणि गाळाची काचेची बरणी घेऊन पहिल्या रांगेत बसलो. शेजारी नीता होती. सभागृह भरले होते. काळे बनियन घातलेली, केस वाढवलेली मुले खिडक्यांतही बसली होती. त्यांतील काही माझ्याच महाविद्यालयातली होती, आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला ती मला कधी दिसली नव्हती. मत्सर मोजण्याचे उपकरण असते, तर त्या क्षणी त्याचा काटा मोडला असता.

वाचनालयाच्या सचिव सुमतीबाईंनी ‘आद्य’ म्हणताच मी उठलो.

‘‘हरकत आहे. चेऊलकर, तुमच्याकडे लेडचं प्रमाण काय होतं?’’

चेऊलकर विचारात पडले. ‘‘लीड ना, सर? जरा जास्तच होतं. घरचेसुद्धा म्हणायचे, कमी कर.’’

‘‘घरी नेत होतात?’’

‘‘सुरुवात घरीच केली ना. आई कानात कापूस घालायची.’’

‘‘कानात कशाला? नाकाला फडकं बांधायचं.’’

मुले हसली. हसण्याचे कारण मला दिसेना.

‘‘आणि बेस?’’ मी सोडणार नव्हतो. ‘‘बेस कोणता वापरलात?’’

‘‘अवीचा होता, मागून आणलेला. पण खरं सांगू? लीडपुढे तो ऐकूच यायचा नाही.’’

‘‘ऐकू?’’

चेऊलकरांनी शेजारच्या खोळीची चेन ओढली आणि आतून लाल रंगाची गिटार काढली.

‘‘अहो, खाली बसा,’’ नीता कुजबुजली. ‘‘त्यांचा बँड होता. हेवी मेटल. तुम्हाला काय वाटलं?’’

मला काय वाटले होते, ते माझ्या हातातल्या बरणीत होते.

‘‘सर, त्यात काय आहे?’’ चेऊलकरांनी आदराने विचारले.

‘‘गाळ.’’

‘‘भारी नाव आहे,’’ खिडकीतला एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला. ‘‘आपल्या बँडला ठेवू या.’’

त्यानंतर प्रात्यक्षिक झाले. नीता शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होती. बरणी माझ्या मांडीवर थरथरत होती. कंप ध्वनिलहरींचा होता, असे मी तेव्हा ठरवले.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात जाऊन सुमतीबाईंना जाब विचारला.

‘‘फलकावर इंग्रजी शब्द लिहायचा नाही, हा आपला नियम,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला काय ठाऊक हेवी मेटलला मराठीत काय म्हणतात? जाणकाराला फोन केला.’’

‘‘कोण हा जाणकार?’’

‘‘तुम्ही. पेपर तपासत होतात बहुतेक. मी ‘जड धातूचा’ असं लिहून घेतलं, तर वर म्हणालात, ‘धातूचा’ नको, ‘धातूंचा’ असं अनेकवचन करा, ते पुष्कळ असतात.’’

फलकावरील संज्ञा मीच दिली होती. अनुस्वारही माझाच होता.