बार्नी हॅगर्टीची टोपी

बार्नी हॅगर्टीच्या पत्राला लायनेल पीबडीनं उत्तर लिहिलंच नाही, असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. उत्तर त्यानं पुष्कळदा लिहिलं. पोस्टात मात्र एकदाही टाकलं नाही.

पत्र अगदी साधं होतं. अक्षर मोठं, वेडंवाकडं, ओळी खाली घसरत गेलेल्या. 'लायनेल, तू पुस्तकं वाचतोस म्हणून तुला विचारतो. मी जन्मभर शिडीवरून पडलो, जिन्यावरून पडलो, चुन्याच्या पिंपात पडलो. माझी लेक लोरेटा म्हणते, हा काय धंदा झाला? हल्ली तिच्याच घरी अंथरुणाला खिळलोय, त्यामुळे मलाही तेच वाटायला लागलंय. आपण केलं ते काही कामाचं होतं का रे? लांबण लावू नकोस. होय किंवा नाही, एवढंच कळव.'

एवढंच कळवायचं होतं आणि तिथंच लायनेलचं घोडं अडलं. मूक चित्रपटांच्या काळात लॉस एंजेलिसच्या एका लहानशा स्टुडिओत तो बार्नीसाठी गमती लिहायचा. चित्रपट दोन रिळांचे, मोठ्या चित्रपटाआधी दाखवायचे. लायनेल कागदावर लिहायचा, 'बार्नी पडतो.' आणि बार्नी पडायचा. लायनेल स्वतः कधी कॅमेऱ्यापुढं उभा राहिला नाही. पुढं चित्रपट बोलू लागले, स्टुडिओ बंद पडला, आणि लायनेल सार्वजनिक वाचनालयात नोकरीला लागून पुस्तकांच्या मागं सुखानं लपून बसला. त्यामुळे 'होय' लिहायला घेतलं की त्याला ग्रीक लोकांपासून सुरुवात करावीशी वाटे. माणूस का हसतो, याबद्दल ग्रीक काय म्हणाले, मग रोमन काय म्हणाले, असं करत तो मध्ययुगाच्या आसपास पोचला की त्याला शंका येई, आपल्याला यातलं काही कळतं का? मग कागद केराच्या टोपलीत.

असं चाललेलं असताना एका सकाळी कोराचा फोन आला. कोरा त्याच स्टुडिओतली. केकफेकीत तिचा हात धरणारं त्या काळी कोणी नव्हतं.

"लायनेल, बार्नी गेला रे," ती म्हणाली. "आणि लोरेटानं निरोप दिलाय, दफनाच्या वेळी तू बोलायचंस."

"मी?"

"वाचनालयात होतास ना. तिला वाटतं, आपल्यात माणसात आलेला तू एकटाच."

लायनेलनं सगळी टिपणं काढली आणि भाषण लिहिलं. ते ग्रीक लोकांपासून सुरू होत होतं.

दफनभूमी डोंगरउतारावर होती. त्या दिवशी वाळवंटाकडून तो गरम, कोरडा वारा सुटला होता, ज्यानं या शहरात माणसांची डोकी दुखतात आणि कुत्री उगाच भुंकतात. लोरेटा काळ्या पोशाखात फाटकाशीच उभी होती. नवरा बँकेत, घर पासाडेनात. आपले वडील बांधकामात होते, असं ती शेजारणींना सांगत आली होती. ते अगदीच खोटं नव्हतं. बार्नी शिडीवरून जितका पडला तितका कुठलाच गवंडी पडला नसेल. हल्ली शनिवारी सकाळी टीव्हीवर साबणाच्या जाहिरातींच्या अधेमधे ते जुने चित्रपट लावत. मुलं पोट धरधरून हसू लागली की लोरेटा उठून टीव्ही बंद करी. तो कोण माणूस, हे तिनं मुलांना सांगितलं नव्हतं.

"मिस्टर पीबडी," ती हळू आवाजात म्हणाली, "माझी एकच विनंती आहे. आयुष्यभर लोक त्यांना हसले. आज एक दिवस कोणी हसायचं नाही. तुमच्या मंडळींना सांगाल?"

"सांगायची गरज नाही," लायनेल म्हणाला. "ते हसत नाहीत."

हे मात्र त्यानं अभ्यासानं नव्हे, अनुभवानं सांगितलं होतं. त्या धंद्यात न हसणं हीच पहिली शिस्त. एक पडत असताना दुसरा हसला की सगळं पुन्हा मांडावं लागे. दुसरी शिस्त अशी, की पडलेल्याला हात द्यायचा नाही. तो आपणहून उठेपर्यंत किंवा दिग्दर्शक 'थांबा' म्हणेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. पडलेला माणूस अजून कामावर असतो, असं ते म्हणत. आता ही मंडळी म्हातारी झाली होती, पण शिस्त हाडात मुरलेली होती.

कबरीशी टायनी मॅकब्राइड उभा होता, तोही बार्नीबरोबर पडण्यातला. नावानं टायनी, बाकी दाराएवढा. त्याच्या हातात बार्नीची काळी गोल टोपी होती, कडेला फाटलेली.

"ही पेटीवर ठेवू का गं, पोरी?" त्यानं लोरेटाला विचारलं.

लोरेटानं टोपीकडं पाहिलं. तिच्या मनात नव्हतं. "ठेवा," ती म्हणाली. "पण फुलांच्या मागं. दिसायला नको."

फादर डोनलन तरुण होते, गंभीर होते आणि त्यांचा आवाज चांगला होता. त्यांनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. लायनेलनं मात्र मान घातली ती आपल्या भाषणाकडं बघायला, म्हणूनच वारा टोपीखाली शिरला ते त्याला दिसलं. टोपी उठली, फुलांवरून अलगद पलीकडं उतरली आणि कडेवर उभी राहून उताराला लागली.

कोणाच्या लक्षात येण्याआधी हळूच आणून ठेवावी, एवढाच त्याचा हेतू होता. तो दबकत टोपीपर्यंत गेला, वाकला, आणि वाकताना त्याचा पाय टोपीला लागला. टोपी पुढं गेली. तो पुढं गेला, वाकला. पाय लागला. टोपी पुढं गेली. मग त्याला ओळख पटली. हे त्यानं लिहिलं होतं. 'बार्नी टोपी उचलायला वाकतो. पायानं टोपी पुढं जाते.' लिहायला काहीच त्रास पडला नव्हता.

"हा काय करतोय?" टायनीनं ओठ न हलवता विचारलं.

"टोपीचा तो जुना प्रकार," कोरा म्हणाली.

"याला कधीपासून जमायला लागला?"

"गप बस. हसलास तर वाया जाईल."

शेवटी टोपी एका झुडपाला अडली. लायनेलनं ती धरली, आणि तेव्हा त्याला पायाखाली काहीतरी मऊ, गोल लागलं. पाण्याचा पाइप. खाली उतारावर माळीबुवा ओचोआ गुलाबांना पाणी घालत होते. पाणी एकाएकी बंद झालं. ओचोआंनी पाइप हलवला. मग त्याचं तोंड डोळ्याजवळ आणलं आणि आत बघितलं.

लायनेलच्या तोंडचं पाणी पळालं. पाय उचलला तर पुढं काय होणार हे त्याच्याइतकं जगात फार थोड्या लोकांना ठाऊक होतं. कागदावर त्यानं डझनभर माळी भिजवले होते. पण हा खरा माळी होता. वयस्क होता. लायनेलच्यानं पाय उचलवेना.

"आता बार्नीचे जुने स्नेही मिस्टर पीबडी दोन शब्द बोलतील," फादर म्हणाले आणि इकडंतिकडं बघू लागले. "मिस्टर पीबडी? अहो, तिकडं काय करताय? या ना."

"मला इथूनच बोलता येईल का, फादर?"

"तिथून?"

"इथून... बरं पडेल."

लोरेटाचा चेहरा कडक झाला. लायनेलनं टोपी काखेत धरली, भाषण उघडलं, आणि पाइपवर घट्ट पाय रोवून वाऱ्याच्या तोंडावर ओरडला, "प्राचीन ग्रीक लोकांचं असं मत होतं—"

वाऱ्यानं पहिलं पान नेलं. ग्रीक लोक दरीकडं उडाले. त्यांना धरायला हात वर केला तर मागोमाग रोमन गेले. मध्ययुग फादरांच्या झग्याला चिकटलं आणि तेही सुटून गेलं. हातात काही उरलं नाही. एक म्हातारा एका पायावर भार देऊन डोंगरउतारावर उभा होता.

एवढ्यात पाइपचा मागोवा घेत ओचोआ वर आले. पाइपचं तोंड त्यांच्या हातातच होतं.

"मिस्टर, तुमचा पाय पाइपवर आहे."

"माहीत आहे मला."

"मग काढा की! झाडं जळतायत माझी."

"आधी तुम्ही त्यात बघू नका."

"कशात?" ओचोआंनी बघितलं.

"त्यातच! नका बघू!" लायनेल कळवळून म्हणाला. ओचोआंनी दचकून पाइपचं तोंड दुसरीकडं वळवलं. दुसरीकडं फादर होते. लायनेलनं ते पाहिलं, पण ओचोआ आता आपली टोपी काढून नम्रपणे म्हणत होते, "कृपा करा साहेब, पाय काढा," आणि कृपा करा म्हणणाऱ्या माणसाला नाही म्हणणं लायनेलला उभ्या जन्मात जमलेलं नव्हतं.

त्यानं पाय काढला.

पाणी फादरांच्या छातीवर आलं. ते मागं सरले आणि आधाराला त्यांनी फुलांच्या मोठ्या चक्राची तिवई धरली. तिवई कलली, चक्र हवेत उडालं आणि टायनीच्या गळ्यात जाऊन बसलं. टायनीची पापणीसुद्धा हलली नाही. उकरलेल्या मातीच्या ढिगावर हिरवा गालिचा अंथरला होता, त्यावर फादर बसते झाले आणि बसल्या बसल्या सावकाश खाली घसरत आले. ओचोआ घाबरून नळ बंद करायला धावले. पाइप हातातून सोडायचं त्यांना सुचलं नाही, त्यामुळे वाटेत सगळेच थोडेथोडे भिजले.

जुनी मंडळी टोप्या छातीशी धरून स्तब्ध उभी होती. ओला, चिखलानं माखलेला धर्मगुरू समोर बसला होता, आणि त्याला हात द्यायला एक माणूस पुढं झाला नाही. फादर अजून कामावर होते.

हात द्यायला धावला तो लायनेल, कारण शिस्त त्यानं नुसती पाहिलेली होती. धावत आला, ओल्या गालिच्यावर त्याचा पाय पडला, आणि त्यानं इतक्या कागदांवर लिहिलं होतं तसे त्याचे दोन्ही पाय वर गेले.

हवेत असताना माणसाला बराच वेळ मिळतो, हे त्यानं कुठं लिहिलं नव्हतं. तेवढ्या वेळात त्याला बार्नी आठवला. कंबर चोळत, हसत म्हणायचा, "तुझं काय जातंय? तू लिहितोस, 'पडतो'. खाली जमीन असते, लायनेल."

मग जमीन आली.

वारा वाहत होता. लोरेटानं मान वळवली. आधी तिनं फादरांकडं पाहिलं. मग सावकाश, चक्र घातलेल्या टायनीकडं. मग त्याहून सावकाश, लायनेलकडं.

"अगं बाई," कोरा पुटपुटली, "ही तर बार्नीची नजर. पडद्यावर तो अस्साच सावकाश बघायचा."

लायनेलला धरणीनं पोटात घ्यावंसं वाटत होतं, आणि जागाही तयार होती, पण ती दुसऱ्याची होती. त्याच्यानं नजर उचलवेना. शेजारी टोपी पडलेली दिसली. काय करावं ते न सुचून त्यानं ती उचलली, त्यातलं पाणी ओतलं, कोपरानं कड पुसली आणि नीट, दोन्ही हातांनी, डोक्यावर ठेवली. टोपी बार्नीच्या मापाची होती. ती कानांपर्यंत खाली आली.

आणि कोणीतरी हसलं. आधी नाकातून, मग आवरेना म्हणून तोंडावर हात ठेवून, मग हात काढून मोकळं. लायनेलनं टोपी वर करून पाहिलं. लोरेटा हसत होती. हसता हसता ती रडायला लागली आणि रडता रडता पुन्हा हसायला. मग ती चिखलातून पुढं आली आणि तिनं त्याला हात दिला.

"लागलं का हो, लायनेलकाका?"

काका ती त्याला लहानपणी म्हणायची. स्टुडिओच्या फाटकाशी.

"हो," तो म्हणाला.

"खूप?"

"बऱ्यापैकी."

ती त्याचा हात धरून तशीच उभी राहिली. "बाबांनाही लागायचं?"

"प्रत्येक वेळी."

"मला वाटायचं, खाली गाद्या असतील."

"गाद्या दिसल्या असत्या, बाळ."

लोरेटानं पेटीकडं पाहिलं. "घरी लंगडत यायचे," ती म्हणाली. "आई विचारायची, तर म्हणायचे, काही नाही गं, लोकांना फार आवडलं." तिनं डोळे पुसले. मग एकदम ओशाळून म्हणाली, "आणि मीच सगळ्यांना सांगितलं होतं, आज कोणी हसायचं नाही म्हणून."

"कोणी नाहीच हसलं," फुलांच्या चक्रातून टायनी गंभीरपणे म्हणाला. "एक तू सोडलीस तर."

फादर तोवर आपणहून उठले होते. त्यांनी झगा पिळला आणि ज्या शब्दापाशी प्रार्थना थांबली होती, तिथून ती पुढं सुरू केली. जुन्या मंडळींनी एकमेकांकडं पाहून मान डोलावली. हा पोरगा धंद्यात असता तर नाव काढलं असतं. या वेळी टोपी फुलांच्या पुढं होती.

निघताना लोरेटा लायनेलला म्हणाली, "शनिवारी सकाळी घरी या. टीव्हीवर लागतात ना ते... मुलांना सांगायचंय, तो कोण आहे ते."

घरी पोचल्यावर लायनेलनं गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावली आणि कागद घेतला. ग्रीक लोकांची आठवण आली, पण ते दरीत गेले होते. त्यानं लिहिलं:

'प्रिय बार्नी,

होय.

तुझा, लायनेल

ता. क. खाली जमीन असते.'

पाकिटावर त्यानं बार्नीचंच नाव घातलं आणि पत्ता लोरेटाच्या घराचा. हे वेडेपणाचं दिसेल का, असं त्याच्या मनात आलं. दिसणारच होतं. तो लंगडत कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेला, वाऱ्यानं नेऊ नये म्हणून पाकीट दोन्ही हातांनी धरलं, आणि आत टाकलं.