नानांचे पाच रुपये दहा आणे

नौपाड्यातले आमचे शेजारी नाना दर एक तारखेला हिशेबाची पद्धत बदलत. जानेवारीत वही. फेब्रुवारीत पाकिटं. मार्चमध्ये डाळी-तांदळाच्या डब्यांवर खडूने आकडे. एप्रिलमध्ये तर चिंचोके! एक आणा खर्च झाला की एक चिंचोका बरणीतून ताटात. महिनाअखेरीला ते माझ्या दारात उभे.

"वहिनी, पद्धतच चुकली!"

मिठागरावर तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. म्हणायचे, "तिथं मीठ पावसात गेलं तरी हिशेब लागायचा. इथं घरातल्या घरात पैसे विरघळतात."

काळजी खरी होती. आदल्या वर्षी काकू गेल्या, तेव्हापासून मुलगा श्रीधर त्यांना नागपूरला बोलवत होता. नानांना घर सोडायचं नव्हतं. शेवटी श्रीधरने खर्चाची यादी आखून दिली, अगदी 'एका माणसाला दूध पाव शेर' इथपर्यंत, आणि बजावलं, "दर महिन्याला हिशेब कळवा. दिवाळीपर्यंत एकदाही जुळला नाही, तर बिऱ्हाड मोडायचं."

नानांची झोप उडाली. मांजर दिसलं की ते काठी उचलत. आता मांजर नसतानाही उचलू लागले.

मी याद्या करणारी बाई. वाण्याची यादी, धोब्याची यादी, रेशनची यादी, आणि कुठली यादी कुठे ठेवली त्याची यादी. दिवाळी तीन आठवड्यांवर आली तेव्हा मी नानांचे सगळे कागद ताब्यात घेतले. जूनची तूट पाच रुपये दहा आणे. जुलैची पाच-तेरा. ऑगस्टची तेवढीच. सप्टेंबरची पुन्हा पाच-दहा. एकतीस दिवसांचा महिना असला की तीन आणे जास्त! म्हणजे पैसे विरघळत नव्हते. रोज तीन आणे पायांनी चालत बाहेर जात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभी राहिले. दूधवाल्या भैयाने नानांच्या पातेल्यात पाव शेराचं माप ओतलं. मग आणखी एक.

"नाना! यादीत एकच माप आहे."

नाना पातेल्यात बघत राहिले. "ती होती तेव्हापासून दोन मापांचा रतीब आहे. एक कमी कर, असं भैयाला सांगायला तोंडच उघडत नाही."

"मग तसं लिहायचं वहीत."

"कोणासाठी म्हणून लिहू, वहिनी?"

नऊ महिने हा माणूस न लिहिता जुळेल अशी पद्धत शोधत होता.

मी वही ओढली आणि जन्मात पहिल्यांदा खोटी नोंद केली: 'मांजराचं दूध, रोज पाव शेर.' बेरीज पै न् पै जुळली.

"मांजर? माझ्या घरात? अहो, श्रीधर ओळखतो मला!"

"जुळतंय ना? टाका पोस्टात."

दिवाळीच्या आठवडाभर आधी श्रीधरचं कार्ड आलं. नाना ते घेऊन आले, पण वाचायचा धीर होईना. "तुम्हीच बघा," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

तीनच ओळी होत्या. मी मोठ्याने वाचल्या.

'हिशेब पोचला. इकडे यायची घाई नको. मांजराचं दूध बंद करू नका.'