पोटावरचं 'चूक'

पेकेटांच्या काचेच्या कपाटात प्लास्टिकचा स्पायनोसॉरस एकच असे, आणि तो बरोबर असे. सँडाउनच्या डायनोसॉर संग्राहक मंडळात मॉरिस पेकेट याच तोऱ्यात वावरायचा. पंचाईत एवढीच, की शास्त्रज्ञ एका मतावर टिकत नसत. त्याचा पहिला स्पायनोसॉरस शेपूट फरफटत ताठ उभा होता. मग म्हणे, तो वाकून चालायचा. मग पाय आखूड निघाले आणि पुढे शेपटीचं वल्हं झालं. दर वेळी मॉरिस नवा आणून त्याच्या पोटावर पेनाने 'बरोबर' लिहायचा, जुन्याच्या पोटावरचं 'बरोबर' खोडून 'चूक' आणि तारीख लिहायचा आणि त्याला बायकोच्या पिशवीत टाकायचा. चर्चच्या दुकानाला द्यायचे जुने कपडे हिल्डा त्या पिशवीत भरत असे.

यंदा मंडळाने प्रदर्शनाला विषय दिला: एकच प्राणी, त्याची आजवरची सगळी रूपं. मॉरिसच्या तोंडचं पाणीच पळालं. सहा वर्षं तो दुसऱ्या नंबरावर अडकला होता, पहिल्या नंबराच्या ढालीवर त्याचा जीव होता, आणि ढाल मिळवून देणाऱ्या साऱ्या चुका त्याने आपल्याच हाताने घालवल्या होत्या.

तो दुकानात धावला. तिथल्या बाई चहा ढवळत म्हणाल्या, की असले प्राणी इथे कधी आलेच नाहीत, हिल्डाच्या पिशवीत नुसते स्वेटर असतात. हिल्डाला विचारावं, तर ती आठवडाभर बागेतल्या शेडमध्ये आतून कडी लावून बसलेली, आणि काही विचारलं की 'नंतर' म्हणायची.

प्रदर्शनाच्या दिवशी उरलेला एकुलता एक खिशात घालून तो हॉलमध्ये शिरला. कोपऱ्यातल्या टेबलावर त्याचे तिन्ही जुने स्पायनोसॉरस ओळीने उभे होते, आणि मागे हिल्डा.

"हे तुझ्याकडे कसे?"

"दर वेळी पिशवीतून काढून शेडमध्ये कुंड्यांमागे ठेवले. चूक ठरलं की पिशवीत, ही तुझी रीत. चाळीस वर्षं तुझ्याबरोबर काढली, माझा नंबर कधी लागतोय कोण जाणे. मला त्यांची दया आली."

मॉरिस मनातून ओशाळला. तेवढ्यात परीक्षक बाई आल्या आणि म्हणाल्या, की मांडणी उत्तम, पण आजचं रूप नसल्यामुळे ढाल देता येणार नाही. मॉरिसने खिशातला काढून ओळीच्या टोकाला ठेवला. ढाल दोघांच्या नावावर लागली.

बाईंनी तो शेवटचा उलटा करून पोटावरचं 'बरोबर' वाचलं आणि हसू दाबत सांगितलं, "याच्यावर शंका घेणारा नवा लेख गेल्याच आठवड्यात आलाय."

मॉरिसचा हात सवयीने पेनाकडे गेला. हिल्डा बघत होती. त्याने जरा विचार केला, 'बरोबर'च्या आधी 'बहुतेक' एवढंच लिहिलं आणि तो स्पायनोसॉरस तिच्या हातात दिला.