तिसऱ्या काळातली मांजरं

माणिकपुरात बर्थाबायच्या घराला जोडून असलेल्या हॉलमध्ये गुरुवारी संध्याकाळी आठ मुली, एक सतरंजी, एक नटराजाची मूर्ती आणि ताल द्यायच्या लाकडी फळीचे दोन तुकडे होते. पाच मिनिटांपूर्वी फळी अखंड होती.

चंद्रकांताबाई सकाळी शाळेत विज्ञान शिकवत आणि संध्याकाळी या हॉलमध्ये भरतनाट्यम. रविवारी दादरच्या संस्थेच्या परीक्षक यायच्या होत्या. आठही मुली पास झाल्या तर वसईला परीक्षेचं केंद्र मिळणार होतं. नाहीतर दर परीक्षेला दादर गाठायचं. आणि सहा घरांनी मुलीला तितक्या लांब पाठवणार नाही असं आधीच कळवलं होतं.

"सुतार सोमवारशिवाय यायचा नाही," चंद्रकांताबाई म्हणाल्या.

"एवढंच ना, टीचर?" बर्थाबायनी आतून एक ओंडका आणला. "चिंचेचा हाय. तीस वर्षं घोळ मासा कापते याच्यावर. फुटायचं नाव नाय."

ओंडका राखेने घासला, लिंबाने धुतला, उन्हात ठेवला. शुक्रवारी पहिल्या काळात, म्हणजे संथ ठोक्यांवर, काही घडलं नाही. दुसऱ्या काळातही नाही. तिसऱ्या काळात दांडकं चौपट वेगाने पडू लागलं आणि खिडकीतून एक मांजर आलं. मागोमाग चार आली आणि ओंडक्याभोवती बसली.

"वास राहिलाय, टीचर," मुलींतली सुझान म्हणाली.

"वास असता तर पहिल्या काळातच आली असती." बाईंनी मांजरं हाकलली आणि ओंडका नुसताच ठेवून दिला. एकही फिरकलं नाही. द्रुत ठोके सुरू केले, पाचही हजर. "बर्थाबाय, तुम्ही मासे कापता कसे?"

बर्थाबायनी कोयता आणून दाखवलं. अचूक तिसरा काळ होता.

"आणि डोकी?"

"डोकी मांजरांना. आम्ही काय डोक्यांची भाजी करू?"

पाटावर ठोकून पाहिलं; घुंगरांपुढे त्याचा आवाज पोचेना. शनिवारी दुपारी दारं-खिडक्या लावल्या, तर उकाड्याने क्लाराला घेरी आली. शेवटी बर्थाबाय म्हणाल्या, "आधीच पोटभर घालू. भरल्या पोटी कोण येतंय?" त्यांनी संध्याकाळच्या वर्गाआधी मांजरांना बांगडे वाटले. त्या संध्याकाळी मांजरं अकरा झाली आणि पहिल्या काळाच्या पहिल्याच ठोक्याला येऊन बसली.

"आता राहू देत," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "नाच थांबवायचा नाही. फक्त शेपटीवर पाय पडता कामा नये."

"खाली बघितल्याशिवाय कसं कळणार, टीचर?" क्लाराने विचारलं.

"मग बघा खाली!"

दोन तासांत मुली इतक्या तयार झाल्या की, मांजर पायांतून गेलं तरी पाऊल चुकत नव्हतं.

रविवारी मांजरं येऊ नयेत म्हणून चंद्रकांताबाई टाळ्यांवर ताल देऊ लागल्या, तेव्हा परीक्षकबाईंनी हात वर केला. "टाळ्या बसत नाहीत कानाला. लाकूड आहे ना तिथे? आणा इकडे. मीच देते ताल."

त्यांनी पहिला ठोका दिला. दुसऱ्या काळापर्यंत मांजरं त्यांच्या खुर्चीखाली पोचली. तिसऱ्या काळात एक त्यांच्या मांडीवर चढलं. परीक्षकबाईंनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. दांडकं हातातून पडलं. मुली थांबल्या नाहीत. पुढची सगळी आवर्तनं त्यांनी ठोक्याविना केली आणि आठही जणी समेवर एकदम थांबल्या.

"ही... ही कोणाची?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"कोणाची नाय, बाय," दारातून बर्थाबाय म्हणाल्या. "ताल ऐकायला येतात. तिसरा काळ लई आवडतो त्यांना."

परीक्षकबाईंनी खुर्चीवरूनच गुण दिले.

निकाल पंधरा दिवसांनी आला. लय: आठही मुलींना वीसपैकी वीस. दृष्टी: आठही मुलींना वीसपैकी शून्य. एकूण गुणांत सर्वांत कमी सुझानला, शंभरपैकी एकेचाळीस. उत्तीर्ण होण्यास चाळीस लागत.