बोरटेकच्या फाट्यापर्यंत

डांबरी रस्ता आडवा आला की उत्तमनाना सायकलवरून उतरतात, सायकल उचलून खांद्यावर घेतात, रस्ता ओलांडतात आणि पलीकडच्या धुळीत ठेवून पुन्हा बसतात. ओढा ओलांडणारा माणूस चपला हातात घेतो, तसं. रस्ता कोरडा असतो, रिकामा असतो, गुळगुळीत असतो. तरीही.

या माणसाची सगळी नोकरी रस्त्यांच्या खात्यात गेली आहे. निम्म्या शिंदखेडा तालुक्यात त्यांनी डांबर टाकलं आहे. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, टाकणं वेगळं आणि चालवणं वेगळं. हलवाई कधी स्वतःची जिलबी खातो का?

अमळनेरला आमच्या कॉलनीत नाना माझ्या समोरच्या घरात राहतात. माझं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. डॉक्टरांनी शुगरसाठी सायकल चालवायला सांगितली, तेव्हा रोज सकाळी स्टेशनपर्यंत जाऊन यायचं असं मी ठरवलं होतं. नानांनी मला सायकलवर पाहिलं आणि आपल्या रूटवर घेतलं. ते मी ठरवलेलं नव्हतं.

रूट हा नानांचा शब्द. रस्ता म्हणजे डांबर, आणि रूट म्हणजे बाकी सगळं. रेल्वेच्या कडेची खडी, पाटाच्या भरावावरची वाट, दोन शेतांमधला गाडरस्ता, पांझरेतली वाळू. नवी वाट दिसली की नाना उतरतात, माती चिमटीत घेऊन चोळतात, टाच मारून पाहतात आणि शेरा देतात. शेरा कायम एकच असतो, "वाहतुकीस योग्य." बाभळीच्या काट्यांनी दोन्ही चाकं बसली तरी योग्य, गाळात पेडल रुतलं तरी योग्य. एकदा असाच शेरा मारून त्यांनी आम्हाला एकाच्या हरभऱ्यात नेलं. मालक काठी घेऊन आला. नाना त्याला गावनकाशावर इथे शिवरस्ता कसा आहे ते समजावू लागले. तो शांतपणे म्हणाला, "मंग नकाशावर चाला ना आबा, मन्हा हरभरामा कशाले?" माणूस माझ्या दुकानाचं गिऱ्हाईक निघाला, म्हणून सुटलो.

सायकल मात्र झकास आहे. पुण्याच्या मुलाने स्वतःला नवी घेतली तेव्हा जुनी बापाला पाठवली. ग्रॅव्हल बाईक म्हणतात तिला. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, जाड दातेरी टायर आणि वजन इतकं कमी की नानांच्या वयाच्या माणसाने खांद्यावर घ्यावी. सायकल आली त्याच आठवड्यात नानांनी ती बाजारातल्या मिस्त्रीकडे नेली आणि मागे लोखंडी कॅरिअर बसवून घेतलं. दूधवाल्यांच्या सायकलीला असतं तसलं, स्प्रिंगच्या पट्टीचं. मुलाने व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं. मग म्हणाला, पप्पा, लोक या सायकलचं वजन कमी करायला नटसुद्धा हलके लावतात. नाना म्हणाले, कॅरिअर नसलेली सायकल म्हणजे ओटा नसलेलं घर.

बरं, बसवलं तर वापरावं. तेही नाही. पाण्याच्या बाटल्या, पंप, पान्हे, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी, सगळं ओझं पाठीवरच्या पिशवीत; कॅरिअर रिकामं. एकदा मी माझा डबा त्यावर अडकवला. नानांनी तो काढून माझ्या हातात दिला आणि सांगितलं की ती जागा धरलेली आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरतात तशा सुरात. कोणासाठी, असं मी विचारलं नाही. मला दुकान उघडायचं होतं.

दुसरी खोड लक्षात यायला जरा वेळ लागला. नानांचा कुठलाही रूट बोरटेकच्या फाट्यावरून जातो. बोरटेक हे बेटावदच्या पुढे, पांझरेकाठचं लहानसं गाव. नरडाण्याला जाताना ते लागतं, हे ठीक. पण पारोळ्याला जायचं, म्हणजे बरोब्बर उलट दिशेला, तरी आधी बोरटेक. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, म्हटलं तर उत्तर ठरलेलं, तिकडचा मुरूम चांगला आहे. फाट्यावर एक कडुनिंब आणि एसटीचा थांबा आहे. नाना तिथे उतरतात, टायर दाबून पाहतात, पाणी पितात, गावाकडे तोंड करून घंटी वाजवतात आणि परत फिरतात. गावात जात नाहीत. तिथून गाव हाकेच्या अंतरावर दिसतं.

यंदा चैत्रात नानांच्या मुलाचे काही मित्र पुण्याहून सायकली घेऊन आले. त्यांना खान्देशातला ऐतिहासिक रूट हवा होता. नानांनी त्यांना तापीपलीकडे थाळनेरच्या मकबऱ्यांपर्यंत नेलं. वाटेत एका गावात पांढऱ्या मातीची ढासळलेली गढी लागली. सगळे फोटो काढायला धावले, तर नाना गढीकडे पाठ करून गाडरस्त्याच्या चाकोऱ्या दाखवत उभे. म्हणे गढीला कोणी जात नाही, या चाकोरीतून अजून बैलगाडी जाते, खरी जुनी वस्तू ही. थाळनेरला एका मुलीने विचारलं, इथे नेमका कोणता राजा आहे? नाना म्हणाले, "जो असेल तो. त्याच्या राज्यात डांबर नव्हतं, एवढं नक्की."

परत येताना अर्थातच बोरटेक. ऊन आमच्या अंदाजापेक्षा लवकर चढलं, बाटल्या संपल्या आणि फाट्यावर त्यांच्यातल्या एकाला चक्कर आली. त्याला निंबाखाली आडवं केलं. नानांना म्हटलं, गावातून पाणी आणा, तुमच्या ओळखीचं गाव दिसतं. नाना म्हणाले, तुम्ही जा ताई, मी इथे वाहतूक पाहतो. रस्त्यावर एक शेळी होती.

मी गेले. गावात शिरताना पहिलंच घर, त्याच्या गच्चीवर एक म्हातारी पापड उलटत होती. पाणी मागितल्यावर ती खाली आली. आधी कळशी भरली, गुळाचा खडा दिला, आणि मग चौकशी केली. फाट्यावरचा तो कॅरिअरवाला तुमच्यातला का, असं. मी म्हटलं, तोच आम्हाला फिरवतो.

"मन्हा भाऊ शे तो," ती म्हणाली. भाजीचा भाव सांगावा तशी. "घंटी वाजाडस नि फिरी जास. मी गच्चीवरथून दखस."

ही लीलाअक्का. मी व्यवहारी बाई आहे. म्हटलं, मग हाक मारा की. अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू उधारीवर खत मागितलं. "आखाजी उनी. मुराळीले लेवाले काय बहीन फाटावर जास?"

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरच्या लेकी माहेरी येतात. पण आपापल्या येत नाहीत. आणायला भावाने जायचं असतं, त्या भावाला मुराळी म्हणतात. तो दारात यावा लागतो. फाट्यावर आलेला मुराळी धरत नाहीत.

कळशी घेऊन परत आले. मुलगा पाणी पिऊन उठून बसला. मी नानांना सांगितलं की पाणी लीलाअक्कांनी दिलं आहे, आणि तुमची घंटी त्यांना दर वेळी ऐकू येते. नाना खाली वाकले. मागच्या चाकात हवा कमी आहे म्हणाले. हवा चांगली होती. त्या दिवशी त्यांनी घंटी वाजवली नाही.

बाकीचं मला नानींनी सांगितलं, तेही कुरडया घालता घालता. अक्का नानांहून थोड्या मोठ्या. त्यांचं लग्न झालं तेव्हा बोरटेकला रस्ता नव्हता. नाना कॉलेजात होते. दर आखाजीला वडिलांची सायकल घेऊन गाडरस्त्याने जायचे आणि अक्कांना कॅरिअरवर बसवून आणायचे. वाळू आली की दोघं उतरून सायकल ढकलायचे. पुढे नाना नोकरीला लागले आणि बोरटेकचा डांबरी रस्ता त्यांच्याच हाताखाली झाला. मग अक्का एसटीने येऊ लागल्या. मुराळीचं काम संपलं, फक्त शब्द उरला.

मग मुलाचं लग्न. मांडवात फेटे बांधताना नानांनी खात्यातल्या साहेबांना आधी बसवलं, आणि अक्कांच्या यजमानांची पाळी आली तेव्हा फेटे संपले. पाव्हणे न जेवता उठले. पुढच्या आखाजीला नानांनी ड्रायव्हर देऊन मोटार पाठवली. अक्कांनी ती रिकामी परत पाठवली. निरोप एवढाच, "गाडीले भाऊ म्हनू का मी?" तेव्हापासून अक्का माहेरी आलेल्या नाहीत. ज्यांचा फेटा राहिला ते पाव्हणे आता सगळं विसरले आहेत. दर आखाजीला बायकोलाच विचारतात, तुझा भाऊ आला नाही का अजून.

"मग हे जात का नाहीत?" मी विचारलं.

"दारातून परत पाठवलं तर?" नानी म्हणाल्या. "मिस्त्रीकडे कॅरिअर मिळतं ताई, धीर कुठे मिळतो?"

यात आपण काही करावं असं मला वाटलं नाही. दोघांची वयं सत्तरीला टेकलेली, दोघं धडधाकट, मध्ये एक फाटा. आणि खरिपाचं बियाणं यायचं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी नाना दुकानात आले. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी. सुतळी पाहिजे म्हणाले. सुतळी घेतली तरी उभे. मग म्हणाले, ताई, एका रस्त्याची पाहणी करायची आहे, तुमची मोटार मोकळी आहे का? कुठला रस्ता, मी विचारलं. बोरटेक, म्हणाले, गावठाणाच्या आतपर्यंत. मी फाट्यावर थांबायचं. कॅरिअरच्या भारक्षमतेविषयी मिस्त्रीने लेखी काही दिलेलं नाही, त्यामुळे अमळनेरपर्यंत त्यावर विसंबता येणार नाही.

मी किल्ली घेतली आणि शटर ओढलं. बाहेर नानांची सायकल उभी होती. कॅरिअरवर चौपदरी घडी केलेली गोधडी होती. नानांनी ती सुतळीने घट्ट बांधली, हाताने दाबून पाहिली. शेरा दिला नाही.

सायकल डिकीत घालून आम्ही डांबरी रस्त्याने गेलो. फाट्यावर उतरले, सायकलवर बसले, आणि घंटी न वाजवता गावाकडे गेले. मी मोटारीत एसी लावून थांबले. इंजिन चालू, डिझेल जळतंय, दुकान बंद. पहिल्या घराच्या दाराशी नाना उतरलेले दिसले. दार उघडलं. नाना टोपी हातात घेऊन उभे होते. मग आत गेले, आणि बराच वेळ काही दिसलं नाही. जाऊन बघावं असं एकदा मनात आलं, पण मी काही मुराळी नव्हते.

शेवटी ते दिसले, पण रस्त्यावर नाही. गावातून फाट्यापर्यंत सरळ डांबर आहे, नानांनीच टाकलेलं. ते सोडून नाना ओढ्याच्या कडेने गाडरस्त्याने येत होते. चालत, दोन्ही हातांनी हँडल धरून. कॅरिअरवर गोधडीवर अक्का आडव्या बसलेल्या, मांडीवर पिशवी, एक हात नानांच्या पाठीवर. गावातली माणसं दारात येऊन बघत होती. चाक खड्ड्यात गेलं की अक्का बोलत होत्या, डांबर सोडून इथून का आणलंस म्हणून. त्यांचा आवाज आधी पोचला.

"डांबरना रस्ता शे ना तठे? तूच कया ना तो? मंग आठून काबर लयना माले?"

इतकी वर्षं नानांच्या शेजारी राहून मी त्यांना अहिराणी बोलताना ऐकलं नव्हतं. आमच्याशी ते कायम खात्याची भाषा बोलतात. नाना थांबले, घाम पुसला आणि म्हणाले,

"आठून येळ लागस, अक्का."

अक्कांनी मांडीवरची पिशवी सावरली. नानांनी पुन्हा हँडल धरलं. अजून वाळूचा पट्टा यायचा होता.

मी इंजिन बंद केलं.